आईच्या मसाल्याचं पेज काढलंय, पण "ऑर्डर करा" सोडून लोकांशी बोलायचं तरी काय?

कृष्णाकाठ_कराड

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे आई आणि काकू मिळून कांदा लसूण मसाला, गोडा मसाला आणि थोडंफार मेतकूट करतात, गाव कराडपासून जवळच. आधी सगळं ओळखीत चालायचं, मार्च एप्रिलला ऊन तापलं की लोक आपापल्या मिरच्या घेऊन यायचे नाहीतर आम्हालाच सांगायचे की वर्षाचा करून द्या. आता झालंय असं की ज्या घरात पाच पाच किलो मसाला लागायचा तिथे म्हातारा-म्हातारी दोघंच उरलेत आणि पोरं पुण्या-मुंबईला, त्यामुळे मोठ्या ऑर्डरी गेल्या आणि पाव किलो अर्ध्या किलोच्या ऑर्डरी वाढल्या, त्या पण लांबून. म्हणून मी इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर पेज काढलं. पोस्टर बनवतो, लाल बॅकग्राउंड, वर "घरगुती चव, आईची माया", खाली नंबर, आणि लाइक कोणाचे येतात तर मामा, दोन मावश्या आणि माझा कॉलेजचा ग्रुप. ऑर्डर शून्य म्हटलं तरी चालेल.

एका डिजिटल मार्केटिंगवाल्याला विचारलं तर तो महिन्याला बारा हजार म्हणाला, त्यात पोस्टर, रील, हॅशटॅग सगळं. आमच्या हातात किलोमागे सगळा खर्च जाऊन शंभर-सव्वाशे उरतात, म्हणजे त्याचे पैसे काढायलाच दर महिन्याला शंभर किलो जास्तीचा मसाला खपवावा लागेल, जो आम्ही दोन बायका आणि एक गॅस यावर करूच शकत नाही.

दुसरीकडे जो तो सांगतो की जाहिरात करू नका, लोकांशी संवाद साधा. म्हणजे नक्की काय करायचं हे कोणी सांगत नाही. धाकटा भाऊ लोकांच्या जेवणाच्या फोटोखाली जाऊन "मस्तच! आमचा मसाला पण ट्राय करा" असं लिहायचा, तर एका ग्रुपच्या ॲडमिनने सरळ बाहेर काढला त्याला. मग संवाद म्हणजे काय? ज्यांनी खरंच असं करून धंदा वाढवलाय त्यांनी सांगा प्लीज. थिअरी नको.

---

डोंबिवली_पूर्व

पहिलं म्हणजे ती पोस्टरं बंद करा. लाल बॅकग्राउंड आणि आईची माया हे आता सगळ्यांकडे आहे, डोळा त्यावरून सरकतो, वाचलं सुद्धा जात नाही.

मी गणपतीत उकडीचे मोदक आणि दिवाळीत फराळ करते, बरीच वर्षं करतेय. माझा अनुभव सांगते. एका रेसिपी ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं की माझे मोदक दर वेळी फुटतात, काय चुकतंय. खाली ढीगभर उत्तरं, निम्मी "पाणी कमी पडलं असेल" छाप. मी दुपारी बसून सगळं लिहिलं, पिठी कुठल्या तांदळाची, पाण्याला उकळी फुटल्यावर पीठ घालून किती वेळ झाकायचं, उकड गरम असतानाच मळायची, हाताला सोसत नसेल तर वाटीच्या बुडाने मळा पण गार होऊ देऊ नका, सारण ओलं राहिलं तर पारी फुटणारच, आणि कळ्या घालताना पारी कडेला पातळ आणि मध्ये जाड ठेवायची. माझा नंबर नाही, पेजचं नाव नाही, काही नाही. आमच्या ह्यांनी डोक्याला हात लावला, म्हणाले सगळं फुकट सांगून बसलीस आता कोण घेणार तुझ्याकडून.

झालं उलटंच. ज्यांनी ते वाचलं त्यातल्या बऱ्याच जणींना कळलं की हा एवढा व्याप आहे आणि ऑफिस करून आपल्याच्याने होणार नाही. पुढच्या गणपतीला त्याच धाग्यातल्या बायका माझं नाव शोधत आल्या. ज्यांना जमलं त्यांनी फोटो टाकून मला टॅग केलं, ते आणखी वेगळं. कृती सांगितल्याने गिऱ्हाईक जात नाही हो, ज्याला घरी करायचंय तो तसाही तुमच्याकडून घेणार नव्हता.

तर तुमच्यासाठी संवाद म्हणजे हे. दर एप्रिलला प्रत्येक रेसिपी ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतात. पाच माणसांना वर्षाचा मसाला करायचा तर मिरची किती. रंगाला कुठली आणि तिखटाला कुठली. मसाल्याला जाळी धरली, काय करू. खोबरं खवट लागतंय, टाकून द्यायचा का सगळा. तुमच्या आईला ही उत्तरं झोपेत विचारली तरी येतील. ती पूर्ण द्या, अर्धी देऊन "बाकी डीएम करा" असलं काही करू नका. फक्त तुमच्या प्रोफाइलवर एका ओळीत लिहून ठेवा की कराडजवळ मसाले करतो, ज्याला उत्तर पटलं तो नावावर टिचकी मारून बघतोच.

आणि ग्रुपचे नियम आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी धंद्याच्या पोस्टला आठवड्यातला एक वार ठरवून दिलेला असतो, त्या दिवशी बिनधास्त जाहिरात टाका, बाकी दिवस नाव काढू नका. भावाला सांगा, पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं तर आधी महिनाभर नुसतं वाचायचं.

---

हिशोबनीस

मी मुद्दाम दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण हे "मनापासून बोला, गिऱ्हाईक आपोआप येईल" ऐकायला गोड वाटतं पण त्याचा हिशोब कोणी मांडत नाही.

बोलायला वेळ लागतो. कोणाचा? मसाल्याचे प्रश्न येतात मार्च ते मे, आणि त्याच तीन महिन्यांत यांच्या आई आणि काकू सकाळपासून मिरच्यांचे देठ खुडत, खोबरं भाजत, कांडपाच्या रांगेत उभ्या असणार. डोळ्यातून पाणी, हाताची आग, आणि रात्री दहाला कोणी म्हणायचं की आता फेसबुकवर जरा संवाद साधा? नाही होत. दोन आठवडे होतं आणि मग पेज ओसाड पडतं. मी नाशिकला बेदाणे आणि मनुका विकतो, माझ्याकडेही हेच झालं होतं, शेवटी ठरवलं की सीझन नसताना बोलायचं आणि सीझनमध्ये फक्त ऑर्डरी आणि तक्रारी बघायच्या. तुमच्याकडे जून ते जानेवारी मोकळे आहेत, पावसाळ्यात "मसाला ओलसर झालाय" वाले प्रश्न येतातच की, तिथून सुरुवात करा.

जाहिरातीला एकदम नाव ठेवू नका हे पण सांगतो. बोलण्याने जुनं गिऱ्हाईक टिकतं आणि ओळखीची ओळख येते, पण ज्याने तुमचं नावच ऐकलेलं नाही त्याच्यापर्यंत पोचायला थोडे पैसे लागतात. फक्त पोस्टर बूस्ट करू नका. ज्या पोस्टखाली अनोळखी माणसांनी खरे प्रश्न विचारलेत तीच पोस्ट फेब्रुवारीच्या शेवटी, बुकिंग घ्यायच्या आधी, थोडे पैसे लावून पुण्यात आणि मुंबई-ठाण्यात दाखवा. लोक आत आल्यावर त्यांना खाली चाललेलं बोलणं दिसतं, ते पोस्टरपेक्षा जास्त काम करतं. शंभर रुपये लावा, बघा, मग पुढचं ठरवा.

बारा हजारवाल्याबद्दल तुमचा हिशोब बरोबर आहे, पण पैशापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. समजा कोणी कमेंटमध्ये विचारलं, "संकेश्वरी मिरची कुठली वापरता, गडहिंग्लज बाजारातली का?" आईने दोन शब्दांत उत्तर दिलं असतं. एजन्सीतला पोरगा लिहिणार "थँक यू फॉर युवर इंटरेस्ट, प्लीज चेक डीएम" आणि खाली तीन मिरचीचे इमोजी. ज्याने तो प्रश्न विचारला तो मिरची ओळखणारा माणूस होता, म्हणजे तुमचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक, ते तिथेच संपलं.

अजून एक, भाव उघड लिहा. "प्राइस इन डीएम" या प्रकाराची लोकांना चीड आहे, मला तर आहेच.

---

बंगळुरू_सध्या

विकणारे बोलले, मी घेणारा बोलतो.

मी मूळचा साताऱ्याचा, इथे येऊन बरीच वर्षं झाली, इथला मसाला जिभेला लागत नाही. इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर मी एकदा लिहिलं की रश्श्याला तवंग लाल हवा पण पोरीला तिखट चालत नाही, कुठला मसाला घेऊ. खाली लगेच चार जणांनी आपापले कॅटलॉग चिकटवले. एका बाईंनी मात्र उलट प्रश्न विचारला, रस्सा कशाचा करता, वाटण घालता का नुसता मसाला, पोरगी केवढी आहे. मी सांगितलं. मग त्यांचा व्हॉइस मेसेज आला, इस्लामपूरकडची बोली, की तुम्ही कांदा लसूण मसाला घेऊच नका, त्यात आम्ही संकेश्वरी घालतो, लेकराला सोसायचा नाही, साधं बेडगीचं तिखट घ्या आणि चमचाभर गोडा मसाला घाला, रंग पण येईल आणि वास पण येईल. म्हणजे महागाची वस्तू नको म्हणाल्या आणि स्वस्तातली दिली.

तेव्हापासून तिखट, मसाला, मेतकूट सगळं त्यांच्याकडूनच येतं, आणि माझ्या ऑफिसातली दोन माणसं पण त्यांच्याकडूनच घेतात. त्यांचं पेज मी आजतागायत बघितलेलं नाही, आहे की नाही तेही माहीत नाही.

@कृष्णाकाठ_कराड, तुमच्या आईला बोलू द्या. टाइप केलेलं गुळगुळीत मराठी नको, "नमस्कार ग्राहकवर्ग" वगैरे. त्यांच्या बोलीत बोलू द्या.

---

कोल्हापुरी_चप्पल_नाही

ते सगळं खरं, पण आधी सगळ्यांना नमुना पाठवा की ओ 😄

(आणि कराडचा मसाला आणि कोल्हापूरचा मसाला यात फरक काय असतो हे आईंना विचारून इथे लिहा, भांडण लावायची हीच खरी पोस्ट आहे, बघा कशा शंभर कमेंटी येतात.)

---

कृष्णाकाठ_कराड

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. कोल्हापूरकरांनी लावलेलं भांडण घरी ऑलरेडी सुरू झालंय, काकू कागलच्या आहेत.

बंगळुरूवाल्यांचं पटलं, आई टाइप करत नाही पण बोलायला बसली की थांबत नाही. व्हॉइस नोटचं जमेल. आता प्रश्न असा की व्हॉट्सॲपवर आमच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांचे दोनेकशे नंबर आहेत, त्यांचा ग्रुप करू का? भाऊ म्हणतो ग्रुप कर, एक मित्र म्हणतो चॅनेल काढ, तिसरा म्हणतो ब्रॉडकास्ट. आणि दुसरं, लोक भेसळीबद्दल फार विचारतात हल्ली, "रंग घालता का" असं तोंडावर विचारतात, त्याला काय उत्तर द्यायचं? "शंभर टक्के शुद्ध" लिहिलं तर ते तर सगळेच लिहितात.

---

रोपवाटिका_सांगली

व्हॉट्सॲपचं मी सांगतो, माझा अर्धा धंदा त्यावरच आहे.

ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, तुमच्या गिऱ्हाइकांचे नंबर उद्या कुठला तरी विमावाला उचलून नेणार आणि शिव्या तुम्हाला पडणार. शिवाय सकाळी सहाला सूर्योदयाच्या फोटोसकट सुप्रभात सुरू होतात, ते एक वेगळंच. न विचारता कोणाला ग्रुपमध्ये ओढणं तर अजिबात नको.

चॅनेल २०२३ च्या सप्टेंबरपासून आपल्याकडे सुरू झालंय, त्यात नंबर लपलेले राहतात ते चांगलं आहे, पण तिथे बोलणं होत नाही, तुम्ही बोलणार आणि लोक अंगठा दाखवणार. तुम्हाला बोलायचंय ना? मग तुमच्या कामाचं नाही.

ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात, तुमचे दोनशे सहज मावतील. प्रत्येकाला मेसेज वेगळा जातो, रिप्लाय फक्त तुम्हाला येतो, म्हणजे समोरच्याला वाटतं की मलाच विचारलंय. एकच मेख आहे, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. स्टेटसचं पण तसंच, दोघांकडे एकमेकांचा नंबर सेव्ह हवा. त्यामुळे पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाका, "हा नंबर सेव्ह करा, पुढच्या वेळी मिरची कधी येणार आणि कांडप कधी लागणार ते कळवू, नको असेल तर नको म्हणून एक मेसेज टाका." ज्याला हवंय तो करतो, ज्याला नको त्याला कशाला त्रास द्यायचा.

आणि ब्रॉडकास्टमध्ये "ऑफर ऑफर" नको. मी काय करतो सांगतो. पहिला पाऊस झाला की लिहितो, जास्वंदीला मिलीबग (पिठ्या ढेकूण) दिसायला लागेल, पानाच्या मागे बघा, दिसला तर फोटो पाठवा. बास. लोक फोटो पाठवतात, मी एकेकाला सांगत बसतो काय करायचं, त्यातले दोन चार जण हमखास विचारतात की अजून नवीन काय आलंय. तुमच्याकडे तर मिरच्या वाळत घातल्याचा एक फोटो आणि "आज देठ काढायला बसलोय, कोणाला बिनदेठाची मिरची पाहिजे का" एवढं पुरे.

बिझनेस ॲप वापरत नसाल तर घ्या, फुकट आहे. त्यात लेबलं लावता येतात, मी "नवीन", "पैसे बाकी" अशी नेहमीची लावलीत आणि एक माझं खास आहे, "परत विचारायचं". म्हणजे एखाद्याचं झाड आजारी होतं तर पंधरा दिवसांनी त्याला विचारायचं की आता कसं आहे. तुम्ही पण विचारा, मसाला गेला, आठ दिवसांनी एक मेसेज, "कसा झाला रस्सा, तिखट जास्त तर नाही ना?" स्वतःहून असं विचारणारा दुकानदार लोकांना भेटतच नाही. फक्त तो ठरीव रिप्लाय असतो ना, एक बटण दाबलं की "प्रिय ग्राहक" वाला आख्खा उतारा जातो, तो पत्ता आणि क्यूआर पाठवायला ठीक आहे, बोलायला वापरू नका, लगेच ओळखू येतं.

---

लॅबवाली_ताई

भेसळीच्या प्रश्नावर. मी फूड टेस्टिंगमध्ये काम करते त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा.

२०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरला काही भारतीय मसाल्यांवरून गोंधळ झाला, तेव्हापासून लोक जास्त विचारायला लागलेत, आणि विचारावंच. "शंभर टक्के शुद्ध" हे वाक्य विसरा. त्याऐवजी आईंना कॅमेऱ्यासमोर एक ग्लास पाणी घेऊन बसवा. पाण्यावर चिमूटभर मिरची पूड भुरभुरायची. पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असेल तर पूड पडल्या पडल्या रंगाच्या रेघा खाली उतरायला लागतात. विटेची पूड किंवा वाळू असेल तर तळाशी बसते, तो गाळ बोटांनी चोळला की कचकच लागते. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, घरी करायच्या अशा चाचण्यांची पुस्तिकाच काढलेली आहे, त्यातलीच ही. ही चाचणी मिरची पुडीची आहे, तुमच्या तयार मसाल्यात खोबरं-कांदा-तेल असतं त्यावर करू नका, गोंधळ होईल. व्हिडिओत शेवटी एवढंच म्हणा की तुमच्या घरात जी पूड आहे, कुठलीही असू दे, तिच्यावर करून बघा आणि काय दिसलं ते खाली लिहा. लोक आपापल्या ग्लासांचे फोटो टाकतील. "माझ्या ग्लासात असं झालं, हे काय आहे" असं विचारतील, तिथे तुम्ही उत्तरं द्या, आणि माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणा, कोणाच्या ब्रँडला नावं ठेवू नका.

मिरच्यांवर पण एक व्हिडिओ होतो. बेडगी म्हणजे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची, तिला २०११ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, आणि बाजारात बेडगी म्हणून काय काय विकतात ते तुमच्या आई माझ्यापेक्षा जास्त सांगतील. खरी बेडगी सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटाला बेताची. शेजारी संकेश्वरी ठेवा. दोन मिरच्या हातात धरून फरक दाखवला की झालं, म्युझिक नको त्याला.

एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन नसेल तर आधी ते करा, घरगुती असलं तरी लागतं. चौदा आकडी नंबर पाकिटावर हवाच, प्रोफाइलमध्ये पण टाका, म्हणजे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

आणि खोट्या रिव्ह्यूंच्या नादाला लागू नका, भाऊ आता ते सुचवेलच 😀 मित्रांकडून पाच पाच स्टार, किंवा "रिव्ह्यू द्या आणि दहा टक्के सूट मिळवा", हे गुगलच्या नियमात बसत नाही. आपल्याकडे पण ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचं स्टँडर्ड आलंय. ते राहू द्या बाजूला, वाचणाऱ्याला कळतंच. सगळे रिव्ह्यू एकाच आठवड्यातले आणि सगळ्यांना "अप्रतिम चव" हाच शब्द सुचलाय.

---

कृष्णाकाठ_कराड

रजिस्ट्रेशन आहे, पाकिटावर नंबर आहे. भावाने रिव्ह्यूचं खरंच सुचवलं होतं, कसं ओळखलंत.

ब्रॉडकास्ट लिस्ट केली. पहिलाच मेसेज टाकला, "मसाला कसा झाला, काही कमी-जास्त असेल तर सांगा", बऱ्याच जणांचे चांगले रिप्लाय आले, दोघांनी ऑर्डर पण दिली, पण फेसबुक पेजवर एका ताईंनी उघड कमेंट टाकलीय: "मसाला प्रचंड खारट. आमटी फेकून द्यावी लागली. तीनशे रुपये पाण्यात." भाऊ म्हणतो डिलीट मार. आई रडकुंडीला आलीय, तिचं म्हणणं मीठ नेहमीएवढंच आहे. काय करू?

---

डोंबिवली_पूर्व

डिलीट अजिबात नाही. डिलीट केली की ती बाई स्क्रीनशॉट घेऊन ग्रुपवर जाणार, आणि मग तुमच्या हातात काही राहणार नाही. आज रात्रीच उत्तर द्या, तिथेच, उघड. "माफ करा, गैरसमज झाला" असं गुळमुळीत नको. आधी विचारा, किती आमटीला किती चमचे घातला आणि वेगळं मीठ घातलं होतं का. आरोप वाटणार नाही असं विचारा. पैसे परत द्यायची तयारी ठेवा पण पहिल्याच वाक्यात पैशाची भाषा नको, तिला वाटेल तोंड बंद करताय.

---

हिशोबनीस

माझा अंदाज सांगतो. तुमच्याकडे मसाला टिकावा म्हणून खडे मीठ घालतात ना? जुन्या गिऱ्हाइकाला ते माहीत असतं, तो आमटीत हात राखून मीठ घालतो. ही नवीन बाई असणार, बिनमिठाच्या मसाल्याची सवय असलेली, तिने आमटीत नेहमीएवढं मीठ घातलं आणि वर तुमचा मसाला. खारट होणारच. पाकिटावर "मीठ घातलेलं आहे" असं लिहिलंय का, म्हणजे बारीक अक्षरात घटकांच्या यादीत नाही, समोर, डोळ्यात भरेल असं?

नसेल तर मग ती बाई बरोबर आहे आणि तुमच्या आई पण बरोबर आहेत.

---

कृष्णाकाठ_कराड

तंतोतंत तेच निघालं. घटकांच्या यादीत मीठ आहे, समोर नाही. त्या ताई ठाण्याच्या, पहिल्यांदाच घेतला होता.

आईला फोनसमोर बसवलं आणि म्हटलं बोल. ती जे बोलली ते व्हॉइस नोट म्हणून त्यांना पाठवलं, आणि त्यांना विचारून तेच कमेंटमध्ये टाइप करून टाकलं, एक शब्द बदलला नाही:

"ताई, आमटी टाकून द्यावी लागली ऐकून लई वाईट वाटलं बघा. आपल्या मसाल्यात मीठ हाय. खडं मीठ भाजून घालतो आम्ही, न्हाईतर पावसाळ्यात मसाला टिकत न्हाय, त्यात कांदा-खोबरं असतंय नव्हं. तुम्ही आमटीत येगळं मीठ घातलं आसंल, बरोबर का? आता असं करा, पुढच्या वेळंला मसाला घाला, उकळी येऊ द्या, चाखा, आन् मग लागलं तर मीठ घाला. आधी घालू नका. पाकिटावर आम्ही मोठ्या अक्षरात लिवायला पायजे हुतं, ते लिवतो. राहिलेला मसाला आवडंना तर परत पाठवा, पैसं देते. आन् एक, खारट झालेल्या आमटीत बटाटा चिरून टाकला आसता तरी चाललं आसतं, टाकून द्यायची न्हाय."

ताईंचं उत्तर आलं की मीठ वेगळं घातलंच होतं, पुन्हा करून बघते. त्यांच्या कमेंटखाली आता तीन अनोळखी बायका आईशी मीठ मसाल्यात घालावं की घालू नये यावर वाद घालतायत, एकीचं म्हणणं बटाट्याने काही होत नाही, कणकेचा गोळा टाकावा. आई दर तासाला येऊन विचारते, काय म्हणाली गं ती. मला "गं" म्हणते म्हणजे विचार करा किती रमलीय.

बिनमिठाचा पण थोडा करून द्या असं दोघींनी विचारलंय. आई म्हणते करू, पण त्यांना फ्रीजमध्ये ठेवायला सांग.

---

रोपवाटिका_सांगली

त्या दोघींना "बिनमीठ" असं वेगळं लेबल लावून ठेवा ॲपमध्ये, मार्चमध्ये विसराल.

---

लॅबवाली_ताई

बिनमिठाचा करणार असाल तर पाकिटावर तारीख वेगळी टाका, मिठाच्या मसाल्याचीच मुदत त्याला छापू नका. किती टिकतो ते आधी तुमच्याच घरी ठेवून बघा.

---

हिशोबनीस

आणि समोर "मीठ घातलेलं आहे" छापायचं म्हणून लगेच नवीन पाऊच छापायला टाकू नका, छापणारे थोडके छापून देत नाहीत आणि ढीग पडून राहतो. आधी स्टिकर करा, पिवळ्यावर काळं, जुने पाऊच संपेपर्यंत तेच लावा. तोपर्यंत अजून चार जणी काहीतरी सांगतीलच, ते सगळं धरून एकदाच छापा.